कुटुंबासह कॅम्पिंग : शेजारच्या टेंटमधल्या लोकांशी ओळख कशी होते, कशी टिकते?

सिंहगडरोड_पुणे३०

डिसेंबरमध्ये पवना धरणाच्या काठी एका रात्रीचा मुक्काम ठरवतोय. आम्ही दोघं, मुलं (वय ६ आणि १०) आणि आई. जागा, गाडी, कपडे याबद्दल इथे आधीचे धागे आहेत, ते वाचले. माझा प्रश्न वेगळा आहे. सोसायटीत मुलांची मैत्री होते ती त्याच चार मुलांशी. मुक्कामाला गेल्यावर शेजारच्या कुटुंबाशी ओळख व्हावी, मुलांना नवे सवंगडी मिळावेत आणि आईलाही बोलायला कोणी असावं, असं मनापासून वाटतं. पण आगाऊपणाही वाटायला नको. यासाठी आधीपासून काय करता येतं? टेंट लावण्यापासून जेवणापर्यंत, जे नेमकं उपयोगी पडतं ते सांगा.

खुंटी_आणि_दोरी

चांगला विषय काढलात. ओळख होईल की नाही हे निम्मं पहिल्या तासात ठरतं. बाकीच्यांचे टेंट उभे राहत असतात तेव्हाच तिथे असणं महत्त्वाचं.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. कामशेतवरून पवनानगरकडे वळून ३.३०पर्यंत पोहोचा. चार ते साडेपाच या वेळात प्रत्येक कुटुंबाला काही ना काही कमी पडत असतं : हातोडी, जास्तीची खुंटी, पंपाचं तोंड, सेल. अंधार पडल्यावर पोहोचलेलं कुटुंब आपल्याच घाईत असतं, मग त्यांना कोणी भेटत नाही आणि तेही कोणाला भेटत नाहीत.

टेंट कसा लावायचा ते सांगतो. दोन टेंटमध्ये ४ ते ५ मीटर अंतर ठेवा. त्याहून जवळ लावले तर ताणाच्या दोऱ्या एकमेकींत जातात, रात्री मुलं अडखळतात, आणि घोरणंही ऐकू येतं. फार लांब लावलात तर बोलायला मुद्दाम चालत जावं लागतं, आणि मुद्दाम कोणी जात नाही. दार शेजाऱ्याच्या दारासमोर आणू नका, त्यांना सारखं पाहिल्यासारखं वाटतं. पाठही करू नका. काटकोनात लावा, म्हणजे दोन्ही दारांपुढे मिळून एक मोकळा चौकोन तयार होतो. चटई त्या चौकोनाच्या कडेला अंथरा, मधोमध नको. मधली जागा मुलं आपोआप घेतात.

वाऱ्याची दिशा आधी बघा. धरणाकाठी रात्री वारा फिरतो. तुमच्या चुलीचा धूर शेजाऱ्यांच्या टेंटमध्ये गेला तर ओळख तिथेच संपली.

सोबत जास्तीचं ठेवा : ६ लोखंडी खुंट्या, १ रबरी हातोडा, १० मीटर नायलॉनची दोरी, पांढऱ्या सुती कापडाच्या ८-१० पट्ट्या. या पट्ट्या ताणाच्या दोऱ्यांना बांधायच्या, अंधारात दोरी दिसते. आपल्या दोऱ्यांना बांधून झाल्या की शेजाऱ्यांनाही चार द्या. "तुमच्याकडेही लहान मुलं आहेत ना, बांधून टाका" एवढं एक वाक्य पुरतं. पुढचं बोलणं तेच काढतात.

आलं_घालून

खुंटी_आणि_दोरी, अगदी पटलं. माझ्या मते मात्र खरी ओळख संध्याकाळी होत नाही, सकाळच्या चहाला होते. संध्याकाळी सगळे दमलेले असतात, मुलं भुकेली असतात. सकाळी ६.३०ला थंडी असते, टेंट दवाने ओले असतात आणि सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते.

१० कपांचं माप (घरचे लहान कप, १०० मिली) : पाणी ६५० मिली, दूध ४५० मिली, चहा पावडर ६ लहान चमचे, साखर ८ ते १०, आलं बोटाच्या दोन पेरांएवढं, किसून नाही, ठेचून. किसलेलं आलं दूध घातल्यावर कधीकधी दूध फाडतं, म्हणून आलं पाण्यातच नीट उकळू द्या आणि दूध शेवटी घाला. पिशवीतलं दूध रात्रभर टेंटमध्ये टिकेल याची खात्री नसते. उन्हात तापलेल्या गाडीत तर नाहीच. टेट्रापॅकचं १ लिटर न्या, फोडेपर्यंत बाहेर राहतं.

साखर वेगळी ठेवा. ज्येष्ठ माणसांमध्ये बिनसाखरेचा घेणारे बरेच असतात, आणि हे न विचारता वेगळी ठेवली तर त्यांना फार बरं वाटतं.

कप तुम्ही पुरवू नका. "आपापले कप घेऊन या" म्हणा. माणूस कप घ्यायला टेंटमध्ये जातो, येताना बिस्किटं किंवा शेंगदाण्याची चिक्की घेऊन येतो. पाहुणा आणि यजमान असं काही राहत नाही. कागदी कप दिलेत तर लोक उभ्याउभ्या पिऊन निघतात.

शेगडीबद्दल दोन गोष्टी, कारण चारचौघांसाठी करताना इथेच चूक होते. सपाट पेटीसारख्या ब्यूटेन शेगडीवर मोठं पातेलं ठेवलं की त्याचा काठ बाजूच्या कप्प्यातल्या गॅसच्या डब्याच्या झाकणावर येतो. उष्णता खाली डब्याकडे जाते आणि डबा फुटू शकतो. पातेलं जाळीच्या बाहेर जाणार नाही एवढंच घ्या. वारा अडवायला पत्रा लावलात तर डब्याच्या बाजूने मोकळं ठेवा, कारण तेच. थंडीत पहाटे ज्योत मंद झाली तर डब्यातला ब्यूटेन गार पडून नीट वायू होत नाही, म्हणून तसं होतं. डबा गरम पाण्यात किंवा ज्योतीजवळ धरू नका. रात्री तो टेंटच्या आत कपड्यांत गुंडाळून ठेवा, सकाळी चालतो.

पर्वती_पायथा

एक भर. पवनेच्या काठची बहुतेक ठिकाणं तयार टेंटची आहेत. टेंट आधीच रांगेत लावलेले असतात, कुठे लावायचा हे आपल्या हातात नसतं. तिथे फोनवर बुकिंग करतानाच तीन गोष्टी विचारा : मुलं असलेली किती कुटुंबं आहेत, कुटुंबांची रांग वेगळी असते का, आणि स्पीकर कुठे असतो. स्पीकरपासून लांबची, कडेची रांग मागा. मोठ्या आवाजात कोणाशीच बोलणं होत नाही. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला कायद्याने बंदी आहे (ध्वनिप्रदूषण नियम, २०००). कॅम्प चालवणाऱ्याला हे आधीच नम्रपणे विचारून ठेवलं तर रात्री वाद घालावा लागत नाही.

सिंहगडरोड_पुणे३०

मनापासून आभार. आमचा कॅम्पही तयार टेंटचाच आहे, उद्याच फोन करून विचारतो.

जेवण मात्र आम्ही स्वतः करू म्हणतोय. शेजारच्या कुटुंबाला बरोबर जेवायला बोलवायचं असेल तर काय करावं? आणि मुलं एकमेकांशी खेळायला लागेपर्यंत काय करायचं? आमचा मोठा मुलगा बुजरा आहे.

मूगडाळ

रात्री खिचडी. सगळ्यांना चालते, लहानांना आणि आजींनाही. चिकन-मटण आणणारं कुटुंब शेजारी असू शकतं, जैन असू शकतं, कोणाची त्या दिवशी चतुर्थी असू शकते. म्हणून अर्धी खिचडी कांदा-लसणाशिवाय उतरवा आणि फोडणी वेगळ्या कढल्यात करून वरून घाला. ज्याला हवी त्याला तशी मिळते, कोणाला काही सांगावं लागत नाही.

६ मोठे आणि ४ मुलं : तांदूळ ५ वाट्या, मूगडाळ अडीच वाट्या, पाणी २० ते २२ वाट्या (वाटी १५० मिलीची). हळद १ चमचा, मीठ चवीने, तूप हात सैल सोडून. तांदूळ नवा इंद्रायणी असेल तर २ वाट्या पाणी कमी. नवा तांदूळ कमी पाणी घेतो आणि लगेच मऊ होतो.

हे ५ लिटरच्या कुकरमध्ये बसत नाही. डाळ-तांदळाने कुकर अर्ध्याच्या वर भरला की फेस शिट्टीच्या भोकात अडकतो, वाफ कोंडते. ८ लिटरचं जाड बुडाचं पातेलं आणि घट्ट झाकण घ्या. डाळ-तांदूळ घरून धुऊन नेऊ नका, आंबतात. कोरडे मोजून एका पिशवीत न्या, तिथे धुऊन २० मिनिटं भिजवा.

आमंत्रण कसं द्यायचं : "या जेवायला" असं म्हटलं तर पुणेरी माणूस "नको नको, आमचं आहे" म्हणणारच. त्याऐवजी "आमची खिचडी जरा जास्त होतेय, तुमच्याकडे पापड किंवा लोणचं आहे का?" असं विचारा. मागितलं की समोरच्याला येणं सोपं जातं. हे खोटं वाटू नये म्हणून खिचडी खरंच जास्त टाका.

सकाळी पोहे करणार असाल तर १० जणांना पाऊण किलो जाड पोहे, ६ मध्यम कांदे, ३ बटाटे. सगळे पोहे एकदम भिजवू नका. लोक येतील तसे दोन-तीन घाण्यांत करा. एकदम भिजवलेले पोहे थंड वाऱ्यात कडक होतात किंवा गोळा होतात.

पाच_तीन_दोन

बुजऱ्या मुलासाठी पत्ते. बोलावं लागत नाही, डोळ्यांत बघावं लागत नाही, हाताला काम असतं. आयटीतल्या बाहेरगावच्या कुटुंबांची मुलं मराठी बोलत नसली तरी अडत नाही.

कुठला खेळ हे मात्र महत्त्वाचं. मेंढीकोट नवीन ओळखीत नको. चौघंच लागतात, जोड्या असतात, दहाची पानं हातची गेली की जोडीदाराला दोष दिला जातो. पाच-तीन-दोनला नेमके तिघंच लागतात आणि चौथं मूल बाहेर राहतं. बदाम सात घ्या. ३ ते ८ जण खेळू शकतात, सगळा कॅट वाटून टाकायचा, बदामाच्या सत्तीपासून सुरुवात. डाव पंधरा मिनिटांत संपतो, त्यामुळे उशिरा आलेलं मूल पुढच्या डावात सहज येतं. ६ वर्षांचं मूलही आकडे ओळखत असेल तर खेळतं, आणि आजीही. तुमच्या आईंना पत्ते येत असतील तर वाटायला त्यांनाच बसवा. मुलं आजीभोवती लवकर जमतात.

पत्ते उडतात. मोठं स्टीलचं ताट किंवा जाड चादर घ्या आणि चार कोपऱ्यांना दगड ठेवा. हेडटॉर्च कपाळावर लावली तर ती समोरच्याच्या डोळ्यांत जाते. ती पाण्याने भरलेल्या पांढऱ्या कॅनला बाहेरून बांधा, सगळीकडे मऊ उजेड पडतो.

उजेडी वेळात लगोरी. सात सपाट दगड तिथेच मिळतात, चेंडू मात्र घरून न्या. रबरी नको, कापडी किंवा स्पंजचा. रबरी चेंडू टेंटवर आदळतो नाहीतर पाण्यात जातो, आणि मुलं त्याच्यामागे पाण्याकडे धावतात.

व्याध_पूर्वेला

बाकी काही नेलं नाही तरी चालेल, दुर्बीण न्या. १०×५० किंवा ७×५० ची साधी द्विनेत्री पुरते. अंधारात दुर्बीण घेऊन बसलेल्या माणसाजवळ लोक स्वतःहून येतात आणि रांग लागते. रांगेत उभी असलेली माणसं बोलतातच.

तारीख अमावास्येच्या आसपासची धरा. पौर्णिमेला तारे धुऊन जातात. डिसेंबरात ९च्या सुमारास पूर्वेला मृग वर आलेलं असतं. त्याच्या पोटातला बाण, म्हणजे एका रेषेत तीन तारे, हे लहान मुलालाही लगेच सापडतात. ती रेषा खाली नेली की व्याध, वर नेली की रोहिणी आणि आणखी वर कृत्तिकांचा पुंजका. कृत्तिका नुसत्या डोळ्यांनी सहासात दिसतात, दुर्बिणीतून कितीतरी जास्त. तिथे पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या तोंडून हमखास "अरे!" निघतं. बाणाच्या उजवीकडे, किंचित खाली, मृगातला तेजोमेघ धुरकट ठिपक्यासारखा दिसतो.

१३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव भरात असतो. त्याला दुर्बीण नको. पाठीवर पडून मोठं आकाश बघायचं. दोन कुटुंबांच्या चटया शेजारी टाकायला याहून चांगलं निमित्त नाही. प्रत्येक मुलाला आकाशाचा एक भाग वाटून द्या आणि मोजायला सांगा.

काय चुकतं : डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि मोबाईल एकदा उघडला की ती क्षणात जाते. टॉर्चला लाल जिलेटीनचे दोन थर लावा. दुर्बीण हलते म्हणून मुलांना काही दिसत नाही आणि ती "दिसलं" म्हणून खोटंच सांगतात. खुर्चीत बसवून कोपर गुडघ्यांवर टेकवायला लावा. हिरवा लेझर वापरू नका, डोळ्यांना आणि विमानांना धोका असतो.

मुलांना गोडी लागली तर पुढचा धागा पुण्यातच आहे. टिळक रस्त्यावरची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून हेच काम करते आहे. तिथे दोन्ही कुटुंबं पुन्हा भेटू शकतात.

मावळातली

सगळे शेजारच्या टेंटबद्दल लिहितायत. ज्यांच्या जमिनीवर टेंट लागतो त्यांच्याबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. त्या घरात आजी असते, तुमच्या मुलांच्या वयाची मुलं असतात. खरी टिकणारी मैत्री तिथेही होऊ शकते.

पवना धरणात इथल्या गावांच्या शेतजमिनी गेल्या आहेत, आणि पिंपरी-चिंचवडच्या नळाला याच धरणाचं पाणी येतं. एवढं माहीत असलं तरी बोलण्याचा सूर बदलतो. "इथे काय बघण्यासारखं आहे?" असं विचारण्यापेक्षा "यंदा भात कसा झाला?" असं विचारा. कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते, डिसेंबरात नवा इंद्रायणी घरात असतो. ५ किलो विकत घ्या, घासाघीस न करता. भाकरी थापताना बघायला मुलांना पाठवा, पण आधी विचारून. त्या वेळी ती बाई कामात असते, तुमच्यासाठीच पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक करत असते. आईंना तिच्याजवळ बसवा. दोघी बोलतील.

एक विनंती. गावातल्या मुलांना चॉकलेटं वाटू नका. पुढच्या शनिवारी ती प्रत्येक गाडीमागे धावतात, आणि तुमचं मूल देणारं, ते घेणारं, असं होऊन बसतं. त्यापेक्षा त्यांना विटीदांडू शिकवायला सांगा. त्यात ती तुमच्या मुलांपेक्षा पुढे असतात, आणि शिकवणाऱ्याला मान असतो. हाक मारताना काका, मावशी, दादा म्हणा. वयाने मोठ्या माणसाला "ए भैया" ऐकायला इथे कोणालाच आवडत नाही.

दोन_पोरांची_आई

सगळं छान, पण ओळख नवीन असते हे विसरू नका. मुलांना निघण्याआधी घरीच सांगायचे नियम :

मुलं दिसतील अशा जागीच खेळायचं, कोणाच्याही टेंटच्या आत जायचं नाही. हे आपल्या टेंटलाही लागू, म्हणजे कोणाला वेगळं वाटत नाही. शौचाला जाताना आपल्याच घरचं मोठं माणूस सोबत. पाण्याजवळ मोठ्याशिवाय नाहीच. धरणाचा काठ उथळ दिसतो आणि एका पावलात खोल होतो, खाली गाळ असतो, पाय रुततो. दोन कुटुंबांची मुलं एकत्र झाली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. म्हणून पाळी ठरवा : अर्धा तास तुमच्यातला एक, अर्धा तास आमच्यातला एक. आणि हे मोठ्याने बोलून ठरवा. मनात धरून चालत नाही.

अंधारात बूट आणि टॉर्चशिवाय चालायचं नाही. बूट टेंटच्या आत ठेवा, सकाळी झटकून घाला. चेन कायम बंद. मण्यार रात्रीच फिरते, तिचा चावा बऱ्याचदा दुखतही नाही. मूल "काहीतरी चावलं" म्हणालं आणि पापण्या जड होऊ लागल्या तर वाट न बघता १०८. जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं, हे पोहोचल्याबरोबर कॅम्पवाल्यांना विचारून घ्या आणि शेजाऱ्यांनाही सांगा.

कोळशाची शेगडी ऊब म्हणून टेंटमध्ये घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शेजारी घेताना दिसले तर संकोच न करता थांबवा.

फोटो : दुसऱ्यांच्या मुलांचा फोटो पालकांना विचारूनच काढा, आणि कुठे टाकण्याआधी पुन्हा विचारा.

एकांत_हवा

माझं मत थोडं वेगळं आहे. पुष्कळ कुटुंबं तिथे फक्त आपल्या माणसांसोबत राहायला जातात. आठवडाभर हिंजवडी ते घर करून त्यांना तेवढाच वेळ मिळतो. त्यांचाही मान ठेवा.

ओळखायचं कसं? खुर्च्या आतल्या बाजूला तोंड करून लावल्या असतील, उत्तर एका शब्दात येत असेल, उलट प्रश्न येत नसेल, तर हसून बाजूला व्हा. हातोडा द्या, पट्ट्या द्या, पुन्हा जाऊ नका. उलट प्रश्न आला की समजा बसायला हरकत नाही.

आणि पहिल्याच पाच मिनिटांत आडनाव, मूळ गाव, कंपनी आणि फ्लॅट कुठे, ही आपली पुण्याची प्रश्नावली टाळा. त्याने माणूस लगेच कप्प्यात जातो. टेंट, रस्ता, मुलांची शाळा सुटली का, रात्री गार पडेल का, यावर तासभर छान जातो. नाव तर मुलंच सांगून टाकतात.

सिंहगडरोड_पुणे३०

>> उलट प्रश्न आला की समजा बसायला हरकत नाही.

हे लक्षात ठेवतो. शेवटचं : परत आल्यावर ओळख टिकवायची कशी? नंबर घेतले जातात आणि मग काहीच होत नाही.

खुंटी_आणि_दोरी

दोन आठवड्यांच्या आत एकदा भेटलं नाही तर सहसा राहूनच जातं. निघण्याआधीच, टेंट गुंडाळताना, तारीख ठरवा. "भेटू कधीतरी" नको. "पुढच्या रविवारी सकाळी ७ला तळजाई, मुलांना घेऊन" असं ठरवा. ते निगडी-प्राधिकरणाकडचे असतील तर पहिल्यांदा तुम्ही दुर्गा टेकडीला जा, पुढच्या वेळी ते इकडे येतील. पहिली भेट कोणाच्या घरी नको. यजमानाला तयारी करावी लागते आणि भेट पुढे ढकलली जाते. टेकडीवर दीड तास, खाली उतरून चहा, झालं.

काहीतरी अर्धं ठेवून निघालं तर उत्तम : त्यांचा डबा तुमच्याकडे, तुमची चादर त्यांच्याकडे. परत करायला भेट होते. फोटो त्याच संध्याकाळी पाठवा, वेगळा ग्रुप काढू नका.

आलं_घालून

आणि डबा रिकामा परत करायचा नाही, हे आईंना सांगावं लागणार नाही :)

सिंहगडरोड_पुणे३०

नाही लागणार. कॅम्पवाल्यांशी बोलणं झालं. स्वतःचा टेंट लावायला कडेला जागा देतायत, पण जमीन मुरमाड आहे म्हणाले. टेंटसोबत आलेल्या प्लास्टिकच्या खुंट्या चालतील का?

खुंटी_आणि_दोरी

नाही, मुरमात तुटतात. हार्डवेअरच्या दुकानातून ८ इंची लोखंडी खिळे घ्या, १६ पुरतील. डोकं टेंटच्या उलट बाजूला झुकवून ४५ अंशांत ठोका, सरळ ठोकला तर ताणाने उपटून येतो. दगड लागला तर जोर करू नका, वीतभर सरकवा. तरीही जात नसेल तर दोरीच्या फासात आडवी काठी घाला आणि काठीवर टेंटच्या बाजूने मोठा दगड ठेवा. काढायला दुसरा खिळा आकड्यासारखा वापरा. आणि निघताना खिळे मोजा. राहिलेला खिळा अनवाणी मुलाच्या पायात जातो, नाहीतर गुरांच्या.